चार आकडे आणि नऊपट झूम

स्क्रीनवर चार करडे चौकोन होते आणि माझ्या खुर्चीमागून हरीकाका बोट नाचवत होता.

“तो बग. तीन. मंग आठ. दिसतंय नं साफ?”

मला तीन दिसत नव्हता, आठही दिसत नव्हता.

“काका, हे आकडे नाहीत रे. नुसते ठिपके आहेत.”

“आगो, मी डोल्यांनी बगलाय गारीचा नंबर. तुजा कंप्युटर आंधला हाय काय?”

मी माउस फिरवून चौकोन अजून मोठे करत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मी ठाण्यात टी. वाय. बी.कॉम.ला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी वर्तकनगरला गुप्ते सरांच्या फोटो स्टुडिओत कंप्युटरवर काम. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं की कंप्युटर मला पूर्ण येतो. खरं तर तीन महिन्यांचा एक कोर्स आणि सॉफ्टवेअरमधलं हेल्पचं पान, एवढीच माझी शिदोरी. म्हणून इथे जे लिहिते आहे त्यात कुठे चुकलं असेल तर जाणकारांनी समजून घ्यावं. पण जे घडलं ते असंच घडलं.

आमचा कोळीवाडा खाडीवर आहे. वस्तीच्या बाजूने पाण्याचा एक चिंचोळा फाटा आत येतो. आमच्या होड्या तिथेच लागतात. दिवाळीनंतर त्या फाट्याच्या तोंडाशी टिपर येऊन भराव टाकू लागले. पाडलेल्या इमारतींचे तुकडे, लाद्या, माती. फाटा बुजला की होड्या आत येणार नाहीत, आणि होडी आत आली नाही तर आमच्या घरात काय शिजणार हे वेगळं सांगायला नको. माझी कॉलेजची फीसुद्धा त्याच होडीतून आली आहे.

माणसं तक्रार घेऊन तहसील ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, “गाडी कोणाची? नंबर काय?” काकाने तोंडाने सांगितला. साहेब म्हणाले, “तोंडी कोणीही काहीही सांगेल. फोटो आणा. नंबर दिसला पाहिजे.”

सांगायला सोपं होतं. जमिनीच्या बाजूने पत्रे ठोकलेले आणि दोन वॉचमन दांडके घेऊन उभे. रस्त्यावरून काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त पाण्यातून. त्यात टिपर येतात ओहोटीला, कारण चिखल उघडा पडला की भराव बसतो. आणि ओहोटीला होडी जवळ जात नाही, चिखलात रुतते. भरतीला होडी पार काठाला टेकते, तेव्हा टिपर नसतात. म्हणजे फोटो लांबूनच काढायचा. म्हणजे झूम हवा.

गुप्ते सरांनी त्याच महिन्यात स्टुडिओसाठी डिजिटल कॅमेरा घेतला होता. रोल लागत नाही, फोटो कार्डावर साठतो, मग वायरने कंप्युटरवर घ्यायचा. ठाण्यात अजून तो फार थोड्यांकडे आहे. सरांनी तो मला आपणहून दिला, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

“घेऊन जा, नयना. नऊपट झूम आहे. होडीतून ड्रायव्हरच्या मिशा मोजशील.”

डब्यावरही तसंच छापलेलं होतं. नऊचा आकडा मोठा, लाल.

मी काकाबरोबर होडीतून गेले, झूमचं बटण शेवटपर्यंत दाबलं आणि वीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळे झकास दिसले. आता कळतं की काड्यापेटीएवढ्या स्क्रीनवर सगळेच फोटो झकास दिसतात.

स्टुडिओत फोटो उतरवून घेतले. एकेका फोटोला मिनिटभर लागत होतं. नंबरचा भाग मोठा करायला घेतला तर सॉफ्टवेअर अडलं. मेसेज आला, स्क्रॅच डिस्क फुल. म्हणजे काय ते सांगते. कंप्युटरची मेमरी कमी पडली की सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवरची मोकळी जागा कच्च्या वहीसारखी वापरतं. आमच्या हार्ड डिस्कवर मोकळी जागाच नव्हती. लग्नाच्या अल्बममध्ये जोडप्यामागे लावायचे ताजमहाल, धबधबे आणि गुलाब सरांनी ठासून भरले होते. मी धबधबे उडवले, टेम्प नावाचं कच्च्या फायलींचं फोल्डर रिकामं केलं, मशीन परत सुरू केलं. फोटो उघडला आणि ते चार चौकोन समोर आले.

मग मी एकेक कारण तपासायला लागले. हात हलला असेल का? हात हलला तर सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं. इथे तसं नव्हतं. फोकस चुकला असेल का? मग कुठलीतरी दुसरी वस्तू साफ दिसली असती. इथे पत्रे, टिपर, वॉचमन सगळेच चौकोनी झाले होते. मी फोटोची साइज बघितली आणि चरकले. कॅमेरा ‘इकॉनॉमी’वर होता. कार्डावर जास्त फोटो बसावेत म्हणून कॅमेरा प्रत्येक फोटो लहान करून ठेवत होता.

“सर, इकॉनॉमीवर कोणी ठेवला?”

“मीच. शंभरावर फोटो बसतात. गिऱ्हाइकाला दाखवायला बरं.”

हे न बघता मी कॅमेरा नेला, ही चूक माझी. पण ते अर्धंच कारण होतं. दुसरं कारण इंग्रजी पुस्तिकेत, शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात होतं. डिक्शनरी घेऊन वाचलं. खरा झूम लेन्समध्ये असतो. आतल्या काचा पुढेमागे सरकतात आणि लांबची वस्तू खरोखर मोठी होऊन आत येते. डिजिटल झूममध्ये काच हलतच नाही. कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. पीठ तेवढंच, भाकरी मोठी थापायची. मग ती फाटणारच. आमच्या कॅमेऱ्याची लेन्स तीनपट होती. ते कापलेलं पुन्हा तीनपट ताणायचं. झाले नऊ.

“सर, खरा झूम तीनपटच आहे.”

“डब्यावर नऊ आहे. मग बाकीचे सहा कुठे गेले?”

“वजाबाकी नाही सर, गुणाकार आहे. पण तो गुणाकार खोटा आहे.”

मला इतका राग आला होता की डबा फाडावासा वाटत होता. ही फसवणूक नाही तर काय? छापताना नऊ लाल आणि मोठा, खुलासा करताना मुंगीएवढा. इंग्रजी वाचणाऱ्यालाही सापडणार नाही अशा जागी. माझ्या काकाने काय करायचं?

काकाला मी भाकरीचं उदाहरण देऊन समजावलं. शार्पन नावाचं एक बटण असतं, तेही दाबून दाखवलं. शार्पन काळ्या-पांढऱ्याच्या मधली कड गडद करतं. पण मुळात कडच नसेल तर गडद काय करणार? चौकोनांना पांढऱ्या कडा आल्या, बस.

तेव्हा गुप्ते सर उठून आले. सर जुने रिटचर. रिटचर म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने आणि ब्रशने काम करून चेहरा सुधारणारा. तीस वर्षं त्यांनी नवरीच्या गालावरचे फोड काढले. आमच्याकडे अजून एक रीत आहे. माणूस जातो आणि घरात त्याचा एकही बरा फोटो नसतो. मग घरचे शेवटच्या वेळचा फोटो आणतात आणि रिटचर त्यात मिटलेले डोळे उघडे करून देतो. तेराव्याला तोच फोटो हार घालून मांडतात. त्याला कोणी खोटं म्हणत नाही. उलट हात जोडतात.

“नंबर पाठ आहे ना तुमचा?” सरांनी काकाला विचारलं.

“तीन आठ सहा एक. झोपेतून उठवा, सांगन.”

“मग काढ गं तो. मेलेल्या माणसाचे डोळे मी ब्रशने उघडलेत, चार आकड्यांचं काय घेऊन बसलीस? खोटं थोडंच आहे? जे होतं तेच लिहायचं.”

“सर, हे ऑफिसात द्यायचंय...”

“मग? तिथे काय भिंग लावून बघतात? नंबर हवा, नंबर द्या.”

“काढ नं, बाय,” काका म्हणाला. “फाट्याचा तोंड निम्मा भरला. तुजे शिक्षनाचा उपेग कंदी व्हायचा?”

मी “बघते” म्हणाले. मला ‘नाही’ म्हणायला फार वेळ लागतो. मोठ्या माणसांसमोर तर येतच नाही. मी बारीक ब्रश घेतला, चौकोनातलाच करडा रंग उचलला आणि तीन, आठ, सहा, एक लिहिलं. मग थोडं ब्लर केलं, वर फोटोत असतात तसे थोडे दाणे टाकले, म्हणजे लिहिल्यासारखं वाटू नये. दहा मिनिटांत झालं. काम सुरेख जमलं होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

काकाने प्रिंट ऑफिसात दिली. आठवडा गेला. मग निरोप आला, फोटो काढणाऱ्यालाही घेऊन या.

साहेबांच्या टेबलावर आमचा फोटो पडलेला होता.

“हा नंबर टिपरचा नाही. पाण्याच्या टँकरचा आहे. तो टँकरवाला इथे येऊन आमच्या नावाने शंख करून गेला. हा फोटो कोणी काढला?”

“मी.”

“निगेटिव्ह?”

“डिजिटल आहे साहेब. निगेटिव्ह नसते.”

“म्हणजे कंप्युटरवर बनवलाय.”

फोटो कंप्युटरवर बनवलेला नव्हता. त्यातले चार आकडे बनवलेले होते. हा फरक मला सांगता आला नाही. सांगून उपयोगही नव्हता.

“कॉलेजात जाता ना? हेच शिकवतात का? आणि मग तुम्ही लोक म्हणता, ऑफिस काम करत नाही. आता तुमच्याकडून एक कागद घेणार नाही मी.”

बाहेर जिन्यातच आमचं भांडण झालं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती.

“तू म्हणालास झोपेतून उठवा!”

“मी सांगलं आनि तू लिवलंस? शिकलेली तू हायस का मी? तुना कलाया नको?”

“मी म्हणत होते हे ठिपके आहेत!”

“मंग जोरान बोलायचा व्हता!”

हे त्याने बरोबर ओळखलं होतं. त्यामुळे मला अजूनच राग आला. मी तशीच चालत स्टुडिओत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांवर ओरडले. गिऱ्हाईक समोर होतं तरी ओरडले.

“मेलेल्या माणसाचे डोळे उघडले तर कोणाचं नुकसान होत नाही, सर! इथे एक टँकरवाला अडकला असता!”

सर आधी म्हणाले, “आवाज कमी कर.” मग म्हणाले, “मी फक्त सुचवलं, काढलं तू.” गिऱ्हाईक पासपोर्ट फोटो न काढताच निघून गेलं. ते गेल्यावर सर उठले, कपाट उघडलं आणि त्यांचा जुना रोलचा कॅमेरा माझ्यासमोर ठेवला.

“हा ने. निगेटिव्ह देतो. लांबच्या लेन्सला मात्र बुरशी लागली आहे. कल्याणला इस्माईलभाईंकडे जा, माझं नाव सांग, दुसरी वापरायला देतील.”

इस्माईलभाई कल्याणला स्टेशनजवळ लेन्स दुरुस्त करतात. त्यांनी दोन झूम लेन्स काढून ठेवल्या. एकीवर अठ्ठावीस ते दोनशे लिहिलेलं, दुसरीवर सत्तर ते दोनशेदहा. हे आकडे मिलिमीटरचे. आकडा लहान तर चित्रात जास्त जागा मावते, मोठा तर लांबचं जवळ दिसतं. मी लगेच पहिली उचलली. एकाच लेन्समध्ये सगळं.

“सगळे हीच उचलतात,” इस्माईलभाई म्हणाले. “लग्न, बारसं, माथेरान, सगळीकडे चालते. वाईट नाही. पण बेटा, जी सगळी कामं करते ती एकही काम पूर्ण करत नाही. दोनशेवर गेली की उजेड कमी घेते आणि थोडी नरम होते. तुला कुठे उभं राहून काढायचाय?”

“होडीत.”

“स्टँड लावणार?”

“होडीच हलते. स्टँडही हलणार.”

“शाबास. मग शटरचा वेग पाहिजे. दोनशे मिलिमीटरला कमीत कमी सेकंदाचा दोनशेवा भाग. होडीत पाचशेवा. तेवढ्या वेगात उजेड आत यायला काच मोठी लागते. ही जाड घेऊन जा. जड आहे, रुंद घेत नाही, बारशाला कामाची नाही. पण नंबर वाचेल. रोल चारशेचा घाल, त्याला उजेड कमी लागतो, आणि दुपारी जा, ऊन डोक्यावर असताना. माहीत नसेल तर आज एक रोल इथेच उडव, समोरच्या रिक्षांच्या नंबरांवर.”

मी उडवला. रोल धुऊन बघितला. मगच गेले. आधीच्या वेळी हेच केलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी काका आणि मी होडीत एकमेकांशी बोलत नव्हतो. त्याने बांबू चिखलात खोल रोवला आणि होडी त्याला आवळून धरली. होडी बरीच थांबली, पण पूर्ण नाही. टिपर भराव टाकायला उलटा येतो, म्हणजे त्याची पाठ पाण्याकडे असते. मागचा फाळका उघडून भराव पडू लागला की खालचा नंबर धुळीत जातो. म्हणजे मिळतात चार-पाच सेकंद. पहिला टिपर निसटला. दुसऱ्याच्या वेळी वॉचमनने आम्हाला बघितलं आणि शिव्या घालत चिखलात उतरला.

“येव दे त्याला,” काका दात आवळून म्हणाला. “गुडघ्यापरेन जाल, मंग कलल. तू काढ.”

तिसऱ्या टिपरला काका पुन्हा वाचायला लागला. “तीन, आठ...”

“गप बस!” मी म्हणाले. काकाला मी असं कधी बोलले नव्हते. तो गप बसला. मी श्वास धरून सात फोटो काढले. वॉचमन मांडीपर्यंत चिखलात गेला होता आणि आता त्याच्या शिव्या दुसऱ्या वॉचमनला होत्या, कारण तो त्याला ओढायला येत नव्हता.

रोल धुतला. सातपैकी दोन फोटोत नंबर स्वच्छ आला. मी भिंग काकाच्या हातात दिलं. त्याने बराच वेळ डोळा लावून ठेवला.

“आठ पयला हाय,” तो म्हणाला. “आठ तीन सहा एक.” मग भिंग खाली ठेवलं. “धुल व्हती तवा.”

चार आकडे तेच होते. फक्त पहिल्या दोघांनी जागा बदलली होती. एवढ्यावर एक निरपराध माणूस आम्ही अडकवणार होतो.

ऑफिसात साहेब आधी आमच्याकडे बघायलाच तयार नव्हते. मी निगेटिव्हची पट्टी टेबलावर ठेवली.

“आधीचा फोटो मी बनवला होता, साहेब. चार आकडे मी लिहिले. चुकीचं केलं. हा बनवलेला नाही. निगेटिव्हवर ब्रश फिरला तर भिंगातून दिसतो. बघा.”

“बनवला होता हे लिहून द्याल?”

“देते.”

“आणि त्याच्यावरून तुमच्यावर काही झालं तर?”

मी काकाकडे बघितलं. काका म्हणाला, “माजा पन नाव लिव. सांगनारा मी व्हतो.”

साहेबांनी पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, मग भिंगातून बघितली. प्रत्येक चौकट बघितली. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, “यांना कोरा कागद दे.”

आमच्यावर पुढे काही झालं नाही. पाहणी झाली, पंचनामा झाला, टिपर थांबले. पण पहिला खोटा फोटो आणि दुसरा खरा फोटो यांच्यामध्ये जवळजवळ तीन आठवडे गेले होते, आणि त्या तीन आठवड्यांत टिपर रोज ओहोटीला येत होते. पडलेला भराव कोणी उचलला नाही. उचलायचा आदेश वेगळा लागतो म्हणतात. फाट्याच्या तोंडातून आधी दोन होड्या शेजारून जायच्या, आता एकच जाते, आणि मोठ्या होड्यांना पूर्ण भरती होईपर्यंत बाहेर थांबावं लागतं. तोवर बाजार उठलेला असतो. मला कोळीवाड्यात सगळे म्हणतात, पोरीने काम केलं. मी त्यांचं बोलणं दुरुस्त करत नाही, पण मला हिशोब माहीत आहे.

आता स्टुडिओत कोणाचाही डिजिटल कॅमेरा आला की मी आधी मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करते आणि क्वालिटी सगळ्यात वरची लावते. गिऱ्हाईक म्हणतं, “मॅडम, आम्ही नऊपटचा घेतलाय.” मी सांगते, “तीनपटचा मिळालाय. नंबर, पाटी, चेहरा, असं काही खरोखर वाचायचं असेल तर जवळ जा, नाहीतर मोठी काच आणा. कंप्युटर न दिसलेलं दाखवत नाही, कोणी म्हणालं तरी ऐकू नका.” काही जण चिडतात. चिडू देत. दुकानात चिडलेलं बरं. साहेबाच्या टेबलासमोर खोटा फोटो घेऊन उभं राहिलं की चिडायचीही सोय नसते.